सासूबाईंचा कारभारी

आमच्या दाजींना सासू नाही. म्हणजे होती, माझी आईच ती, पण ताईच्या लग्नाआधीच गेली. तरीही दाजी रोज सकाळी कामावर पोचले की आधी सासूबाईंची चौकशी करतात. खुर्चीत बसायच्या आधी, उभ्याउभ्याच, एका हातात डबा धरून दुसऱ्या हातानं टाइप करतात: ssh sasubai. आत शिरले की uptime. मग मशीन सांगतं, आपण किती काळ एकदाही बंद न पडता चालू आहोत. तो आकडा तीन वर्षांच्या वर गेलाय. दाजी तो वाचतात, मान डोलावतात आणि मगच डबा खाली ठेवतात.

सासूबाई म्हणजे आमच्या हॉस्पिटलचा मुख्य सर्व्हर. तळमजल्यावर, चादरींची खोली आणि जिना यांच्या मधल्या अरुंद खोलीत, लोखंडी कपाटात बसवलेला. दिवसभर गार हवा खातो आणि घोंघावतो. कोण दाखल झालं, कुणाचं रक्त तपासलं, कुठल्या खाटेवरचा माणूस घरी गेला, सगळं त्याच्या पोटात. त्याच्या परवानगीशिवाय या घरात पान हलत नाही, म्हणून दाजींनी त्याचं नाव sasubai ठेवलं. मशीनला खरा पत्ता असतो आकड्यांचा, आणि तो कुणाच्या बापाच्या लक्षात राहत नाही. म्हणून /etc/hosts नावाच्या एका साध्या फाइलमध्ये आकड्यापुढे नाव लिहायची सोय केलेली असते. बाकीचे लोक तिथं server1, server2 लिहितात. दाजींनी तिथं अख्खं घर बसवलं. बॅकअप ठेवणारं मशीन ajoba, कारण ते हळू चालतं आणि काही विसरत नाही. मेलचं मशीन atya, कारण इकडची बातमी तिकडं नेणं हाच तिचा धंदा. आणि छपाईचं मशीन mehuna.

तो मी. रिपोर्टच्या खिडकीत बसतो, छापून आलेला कागद पाकिटात घालून लोकांना देतो. माझी खिडकी आणि दाजींची खोली यांच्यामध्ये फक्त एक काच आहे. ping म्हणजे मशीनला हाक मारणं. छपाई अडली की दाजी मेव्हण्याला हाक मारायचे आणि काचेपलीकडून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचे, "मेव्हणा उत्तर देत नाही हो! कागद खाऊन बसलाय!" रांगेतले लोक माझ्याकडे बघायचे.

दाजी हे फक्त माझे दाजी नाहीत. ताई इथं नर्स होती. सगळा वॉर्ड तिला ताई म्हणायचा, त्यामुळे लग्न झालं तसे ते अख्ख्या हॉस्पिटलचेच दाजी झाले. मशीनवर त्यांचं खातंसुद्धा daji या नावानं आहे. आले होते एक प्रिंटर दुरुस्त करायला. तो दुरुस्त करताना ताई दिसली, म्हणून दुसराही करून टाकला, जो बिघडलेला नव्हता. मग इथंच राहिले.

आमची दोघांची शाळा एकाच छोट्या गावातली, फक्त वर्षं वेगळी. शाळेत कॉम्प्युटर होते, पण त्यांच्यावर कापड असायचं आणि कापडाला हात लावायला सरांची परवानगी लागायची. मी ती परवानगी मागून मागून कंटाळलो. आपण परवानगी देणारा माणूस व्हायचं, हे दाजींनी बहुतेक तिथंच ठरवलं.

आणि झालेही. आमची मशीनं चालवणाऱ्या लिनक्सच्या राज्यात सर्वाधिकारी एकच असतो, त्याचं नाव root. तो वाटेल त्याला आत घेतो, वाटेल ते पुसतो. त्याचा पासवर्ड दाजींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. ताईनं एकदा विचारलं होतं, "मला तरी सांगा की."

"बँकेचा माहीत आहे ना तुला?"

"आहे."

"मग तेवढ्यावर भागव."

असं सगळं छान चाललेलं असताना नवी मॅडम आली.

रस्त्यापलीकडे हॉस्पिटलची नवी इमारत उभी राहत होती. तिथं मशीनं वाढणार, म्हणून माणूस वाढवला. व्यवस्थापकांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "इमारत सुरू झाली की या खात्याला एक प्रमुख नेमू. तोवर दोघांनी मिळून बघा." मिळून हा शब्द दाजींच्या तोंडून त्यानंतर मी ऐकलेला नाही. त्या खुर्चीवर आपलं नाव आहे असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. आता तिथं दोन नावं झाली होती.

मॅडमबद्दल त्यांची पहिली तक्रार टॅबची. ती दोन अक्षरं लिहायची आणि टॅबची कळ दाबायची, की उरलेला शब्द मशीन स्वतः पुरा करायचं. दाजी प्रत्येक कमांड शेवटच्या अक्षरापर्यंत हातानं लिहितात. टॅब दाबणं म्हणजे त्यांच्या मते परीक्षेत शेजारच्या पेपरात डोकावणं.

"एक शब्द पुरा येत नाही बाईला," काचेला तोंड लावून ते मला म्हणाले. "टकटक टॅब, टकटक टॅब."

"पण काम होतंय की, दाजी. आणि लवकर होतंय."

"तू मेव्हणा कुणाचा आहेस रे?"

दुसरी तक्रार मोठी होती. पहिल्याच आठवड्यात मॅडमनं sshd_config ही फाइल उघडली. बाहेरून मशीनमध्ये कोण कसं येणार, याचे नियम त्यात असतात.

"सर, root नं थेट आत येणं बंद करूया," ती म्हणाली. "त्याचा पासवर्डच कुलूपबंद करून टाकू. आपापल्या नावानं यायचं आणि गरज पडेल तिथं sudo लावायचं. म्हणजे कुणी काय केलं ते लॉगमध्ये राहतं."

"कुणी म्हणजे? सगळं मीच करतो."

"आता मीही करणार ना."

हे खरंच होतं, म्हणून दाजी जास्तच चिडले. sudo हा शब्द आदेशाआधी लावला की तेवढ्या एका आदेशापुरते root चे अधिकार मिळतात. मात्र sudo नावाच्या गटात तुमचं नाव हवं. त्या गटात आता दोन नावं झाली, daji आणि मॅडमचं. ज्या चावीसाठी बायकोला बँकेवर भागवायला लावलं होतं, ती चावी एका टॅबवालीच्या हातात गेली.

वर आणखी एक. मशीनची सगळी गाऱ्हाणी root च्या नावानं मेलनं येतात, आणि root चा मेल प्रत्यक्षात कुणाला द्यायचा ते /etc/aliases मध्ये लिहिलेलं असतं. तिथं वर्षानुवर्षं एकच ओळ होती, root: daji. मॅडमनं सुचवलं की पुढं स्वल्पविराम देऊन तिचंही नाव घालावं. दाजींनी तो स्वल्पविराम द्यायला आठवडा लावला.

घरी तर जेवताना दुसरा विषयच नव्हता. मी त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे मला हा कार्यक्रम खिडकीतही असायचा आणि ताटावरही.

"आज तिनं सगळे लॉग आपल्या वेगळ्या मशीनवर हलवले," दाजी म्हणायचे. "आज तिनं cron चं वेळापत्रक उघडलं. ओळ न् ओळ वाचत होती. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणे काही नाही, वाचतेय. वाचतेय! कादंबरी आहे का ती?"

ताईनं वाढता वाढता हात थांबवला. "अहो, एक विचारू? दिसायला कशी आहे?"

"कोण?"

"जिच्यामुळं महिनाभर जेवताना तुमची नजर माझ्याकडे वळली नाही, ती."

"चष्मा जाड आहे तिचा."

"चष्म्याच्या मागं काय आहे ते विचारतेय."

"तू काय मत्सर करतेस की काय?"

"मी कशाला करू? घरात करणारे आहेत की!" ताई म्हणाली आणि भांडं जरा जोरात आपटलं.

cron उघडलं म्हणून दाजी का बिथरले, ते मला माहीत होतं. cron म्हणजे मशीनच्या पोटातलं गजराचं घड्याळ. अमुक वेळी बॅकअप घे, तमुक वेळी जुने लॉग गुंडाळून ठेव, अशा ओळी त्यात लिहिलेल्या असतात. दाजींनी त्यात स्वतःची एक ओळ घुसवली होती. वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी सकाळी मशीन त्यांना मेल पाठवायचं: aaj lagnacha vadhdivas, visru nako. ताईला वाटायचं नवऱ्याला आठवण राहते. मैत्रिणींना कौतुकानं सांगायचीसुद्धा. खरी आठवण सासूबाई ठेवत होत्या. हे मला आणि दाजींना ठाऊक होतं, आणि आता मॅडमला.

त्यानंतर मॅडमनं /etc/hosts ला हात घातला.

"नव्या इमारतीत पन्नासेक मशीनं येतील, सर. एवढे नातेवाईक आणायचे कुठून?"

"आमच्याकडं आहेत," दाजी म्हणाले.

पण तिनं बदल केलाच. सासूबाईंची srv-01 झाली, आजोबांची srv-02. जुनी नावं तिनं पुसली नाहीत, ओळीच्या शेवटी राहू दिली. दोन्ही नावांनी मशीन सापडायचं. तरी दाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सासूबाईंना मागच्या बाकावर बसवलं," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

मला हसू यायला हवं होतं. पण त्या दिवशी पहिला रिपोर्ट छापून आला आणि मी कागदाचा खालचा कोपरा पाहिला. तिथं बारीक अक्षरात छपाईच्या मशीनचं नाव येतं. इतके दिवस mehuna यायचं, आणि मी दाजींशी त्यावरून भांडायचो. आता होतं prn-01. मी तो कागद पाकिटात घातला, पण माझा चेहरा पडला असणार, कारण खिडकीतल्या आजींनी घाबरून विचारलं, "रिपोर्ट वाईट आलाय का रे बाळा?"

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

मॅडमनं सर्व्हरवर नव्या इमारतीसाठी एक फोल्डर केलं, /srv/navi. त्यासाठी navi नावाचा गट केला आणि त्यात तूर्त एकटीच राहिली. "कच्चं काम आहे, सर. झालं की दाखवते," म्हणाली. दाजींनी ls लिहून आत काय आहे ते बघायचा प्रयत्न केला. मशीननं दोन शब्दांत सांगितलं की परवानगी नाही.

"मला!" दाजी काच वाजवून म्हणाले. "माझ्या मशीनवर! मला परवानगी नाही!"

"sudo लावा की, दिसेल सगळं."

"अरे, दर वेळी ओळ पडेल लॉगमध्ये. दाजींनी ही फाइल उघडली, दाजींनी ती उघडली. आणि लॉग हल्ली कुणाच्या मशीनवर असतात?"

त्यांची खात्री होती की त्या फोल्डरमध्ये प्रमुखपदाचा सगळा बेत शिजतोय. मशीनं कशी लावायची, कुणी काय बघायचं, आणि दाजींना कुठल्या कोपऱ्यात ठेवायचं, हे सगळं. काही दिवस त्यांनी दम धरला. मग एके दिवशी सकाळी व्यवस्थापकांनी मॅडमला नव्या इमारतीत बैठकीला बोलावलं. दाजींना बोलावलं नाही. तिची रिकामी खुर्ची पाहून दाजींचा तिळपापड झाला.

"मेव्हणेबुवा, इकडं बघ," ते म्हणाले. त्यांनी युक्ती काढली होती. स्वतःला एकदाच navi गटात घालायचं. लॉगमध्ये पडली तर एकच ओळ पडेल, आणि ती रोजच्या कामात खपून जाईल. मग गटाचे सभासद म्हणून राजरोस, sudo न लावता, हवं ते वाचायचं.

त्यांनी लिहिलं: sudo usermod -G navi daji.

या -G च्या आधी एक a लिहायचा असतो. a म्हणजे आहे त्यात भर घाल. तो नसेल तर मशीन असं समजतं की या माणसाला एवढाच गट ठेवायचा, बाकीच्या सगळ्यांतून काढायचा. दाजींना हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. मलाच त्यांनी दोनदा शिकवलंय, वर म्हणालेत की हा a विसरतो तो गाढव. पण त्या सकाळी डोक्यात मॅडमची बैठक होती. टॅबला नाक मुरडून एकेक अक्षर हातानं लिहिणाऱ्या माणसानं नेमकं एक अक्षर गाळलं.

लिनक्सची एक खोड आहे. काम झालं की ते काही बोलत नाही, बिघडलं तरच बोलतं. आणि मशीनच्या दृष्टीनं काही बिघडलंच नव्हतं. मशीन गप्प बसलं. दाजी खूश झाले. नवा गट लागू व्हायला एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं. पडद्यावरच्या त्या उघड्या खिडकीत ते अजून राजे होते, त्याच क्षणी चूक सुधारता आली असती. दाजींनी exit लिहिलं आणि आपल्या पायांनी गादीवरून उतरले.

पुन्हा आत येऊन त्यांनी ls /srv/navi लिहिलं. फाइलींची नावं पडद्यावर उतरली.

"उघडलं! मेव्हणेबुवा, उघडलं!"

एवढ्यात फोन वाजला. बालरुग्ण वॉर्डातली नर्स, पासवर्ड विसरली होती. "दाजी, तेवढा नवा करून द्या ना, डॉक्टर डोक्यावर उभे आहेत."

"हे घे, एका मिनिटात," दाजी म्हणाले आणि sudo लावून आदेश दिला. मशीननं त्यांचाच पासवर्ड मागितला. तो दिला. मग पडद्यावर एक ओळ आली. तिचा अर्थ असा: daji हे नाव अधिकार असलेल्यांच्या यादीत नाही. या प्रकाराची खबर दिली जाईल.

दाजींनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मग id लिहिलं, म्हणजे मी कोण आणि कुठल्या गटांत. पूर्वी तिथं लांबलचक ओळ यायची. आता daji आणि navi, एवढंच.

तेवढ्यात टेबलावरचा फोन टिंग वाजला. खबर दिली जाईल म्हणजे कुणाला? root ला. आणि root म्हणजे कोण? दाजींच्या गुन्ह्याची खबर सर्वांत आधी दाजींनाच आली. daji नावाच्या इसमानं अधिकार नसताना असं असं केलं. फोन हातात घेऊन ते बघतच राहिले. मग आठवला स्वल्पविराम.

"तिलाही गेला असेल," मी म्हटलं.

"कळतंय मला."

"आणि ती आत्ता व्यवस्थापकांच्या शेजारी बसलीय."

"गप्प बस की जरा!"

root चा पासवर्ड कुलूपबंद होता, त्यामुळे ती वाट मिटली होती. sudo च्या गटात आता मॅडम एकटी. एकच रस्ता उरला. कपाटासमोर उभं राहून मशीन बंद करायचं, चालू होताना मध्येच अडवायचं आणि आतून आपलं नाव परत लिहायचं. दाजी कपाटापाशी गेले, दार उघडलं, बटणावर बोट ठेवलं. मी काचेतून बघत होतो. माझ्या खिडकीसमोर रांग जिन्यापर्यंत गेली होती. सर्व्हर बंद झाला की सगळे रिपोर्ट अडणार. पुढं एक गृहस्थ उभे होते, बायकोला वरच्या मजल्यावर ऑपरेशनसाठी तयार ठेवलेलं, रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय आत घेत नव्हते.

"दाजी," मी काच वाजवली आणि रांगेकडे बोट दाखवलं.

बोट बराच वेळ बटणावर होतं. मग त्यांनी ते काढलं.

नंतर ते सगळ्यांना सांगतात की पेशंटचा विचार केला. केलाच असेल. पण मला त्यांचे ओठ दिसत होते, आणि ते पुटपुटत होते, "तीन वर्षं." बटण दाबलं असतं तर सासूबाईंचा आकडा शून्यावर आला असता. रोज सकाळी डबा हातात धरून वाचलेला. ते त्यांच्यानं होईना.

दाजी तसेच बाहेर पडले आणि रस्ता ओलांडायला निघाले. फोन टेबलावर विसरले, तो पुन्हा वाजत होता. वॉर्डाचाच. मी त्या गृहस्थांच्या हातात पाकीट दिलं, खिडकी शेजारच्या मुलीवर सोपवली आणि फोन घेऊन मागं पळालो. फोन हे निमित्त होतं. मला बघायचं होतं.

नव्या इमारतीत सगळीकडे ओल्या रंगाचा वास होता. बैठकीच्या खोलीला अजून दार नव्हतं. दाजी चौकटीबाहेर उभे राहिले, परवानगीची वाट बघत, शाळेतल्यासारखे. व्यवस्थापकांची पाठ आमच्याकडे होती. मॅडमनं आम्हाला पाहिलं, "एक मिनिट, सर," म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन बाहेर आली.

"मेल आला," ती हळूच म्हणाली.

"मलाही."

"काय झालं?"

"बालरुग्णच्या नर्सचा पासवर्ड अडकलाय."

"आणि तुमचं?"

दाजींनी भिंतीच्या रंगाकडे बघितलं. "मी पण अडकलोय."

तिनं लॅपटॉप रंगाच्या उलट्या डब्यावर ठेवला आणि वाकून बसली. दोन अक्षरं, टॅब. दाजींनी डोळे मिटून घेतले. "बोला, पुढं काय लिहू?" तिनं विचारलं.

"माहीत आहे तुम्हाला."

"तुम्ही सांगा."

"a, मग G," दाजी म्हणाले.

"a आधी?"

"a आधी!" त्यांचा आवाज इतका चढला की आत व्यवस्थापकांनी मान वळवली. मॅडमनं हात हलवून काही नाही अशी खूण केली आणि एंटर दाबलं.

"झालं. आधी नर्सला मोकळं करते." तेही तिनं केलं. मग विचारलं, "navi गटातून काढू का तुम्हाला?"

"राहू द्या," दाजी म्हणाले.

"वाचलं का आतलं?"

"वेळ कुठं मिळाला?"

"मग वाचाच आता. पण हसायचं नाही." तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

मीही मान घातली. पहिली फाइल नव्या इमारतीची hosts. तिथं srv वगैरे काही नव्हतं. nanand, mavshi, bhachi अशी नावं लिहून खोडलेली. काही ओळींपुढं #, म्हणजे मशीननं वाचू नये, माणसानं वाचावी अशी टीप: ही नणंद वाटत नाही, दुसरं शोध.

"हे काय?" दाजी म्हणाले.

"जमत नाहीये मला." मॅडमच्या आवाजात राग होता. "चार महिने झाले इथं येऊन. अजून मी नवी. वॉर्डातून फोन आला आणि मी उचलला की म्हणतात, दाजींना द्या. परवा लॅबमध्ये सांगितलं srv-01 हळू चाललंय, तर म्हणाले, कोण? सासूबाई म्हटल्यावर अख्खी लॅब हळहळली. कामं मी करते आणि लाड तुमचे. चिडचिड होते हो माझी!"

इतके दिवस दाजींनी ज्या बाईच्या नावानं बोटं मोडली, ती यांच्याच नावानं बोटं मोडत होती, हे त्यांच्या हिशेबात कुठंच नव्हतं. मला तर वाटलं त्यांना थोडा आनंदच झाला. थोडा नाही, बराच.

"मुख्य मशीनचं नाव jaubai ठेवा," शेवटी ते म्हणाले. "सासूबाईंसमोर दुसरं कोण टिकणार?"

महिन्याभरानं इमारत सुरू झाली आणि प्रमुख म्हणून मॅडमची नेमणूक झाली. त्या मेलबद्दल ती कुणाला एक शब्द बोलली नव्हती. व्यवस्थापकांनी आपलं आपणच ठरवलं. दाजी दोन दिवस ताटावर काही बोलले नाहीत, तेव्हा ताईलाच चुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाले. आता सकाळी सासूबाईंचा आकडा बघून झाला की ते जाऊबाईंचाही बघतात. "पोर आहे अजून," म्हणतात. पलीकडे वीज गेल्याची बातमी आली की यांच्या चेहऱ्यावर कळकळ असते, पण जाऊबाईंचा आकडा शून्यावर आला का ते बघायला पाय रस्त्याकडे जरा लगबगीनं वळतात. मॅडमनं एक नियम मात्र केला. hosts सारख्या मोठ्या फाइलींत बदल करायचा तर दोघांनी बघून करायचा, आणि शेवटचा होकार प्रमुखाचा.

मग लग्नाचा वाढदिवस आला. या वर्षी दाजींना मेल आदल्या दिवशीच आला. cron मध्ये त्यांच्या ओळीच्या वर मॅडमनं एक ओळ वाढवली होती: udya aahe. aajach kahi aana. दाजींनी आणलं. ताईनं पुडकं हातात घेतलं आणि उघडायच्या आधी त्यांच्याकडे रोखून बघितलं.

"आदल्या दिवशी? हे तुमचं डोकं नाही. कुणी सांगितलं?"

दाजींना खोटं बोलता येत नाही, नुसतं गप्प बसता येतं. मग मीच सांगितलं. मशीन, मेल, मॅडमची ओळ, सगळं.

"म्हणजे इतकी वर्षं तुमची आठवण म्हणून मी मिरवत होते ती यंत्राची?" ताई म्हणाली. "आणि यंदा तीही त्या बाईची?"

"तसं नाही गं…"

"तसंच आहे. आणि एक सांगा. त्या तुमच्या फाइलीत सासू आहे, आत्या आहे, आजोबा आहेत. हासुद्धा आहे." हा म्हणजे मी. "आता जाऊसुद्धा आली. बायको कुठंय?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी पुडक्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी दाजी डबा न ठेवताच रस्ता ओलांडून गेले. प्रमुखाच्या खोलीला आता दार होतं. दाजींनी ते वाजवलं.

"hosts मध्ये एक नाव घालायचंय," ते म्हणाले. "होकार पाहिजे तुमचा."

"कुठल्या मशीनला?"

"सगळ्या."

मॅडमनं चष्मा वर सरकवला. दाजींनी सांगितलं. प्रत्येक मशीनच्या hosts मध्ये पहिली ओळ स्वतःच्याच पत्त्याची असते, 127.0.0.1. मशीन तिथून स्वतःलाच हाक मारतं. हा पत्ता घराबाहेर कधी जात नाही आणि उत्तर सगळ्यात लवकर इथूनच येतं. त्या ओळीच्या शेवटी, सगळ्या मशीनवर, ताईचं नाव.

मॅडमनं फाइल उघडली. "माझ्या नावानं कुणी एक प्रिंटरसुद्धा नाही ठेवला," ती म्हणाली, आणि होकार दिला.

दाजी लिहायला बसले. एकेक अक्षर हातानं, टॅब न दाबता. मी मागं उभा राहून मोजत होतो. ताई आता पन्नासच्या वर मशीनवर आहे, दोन्ही इमारतींत, प्रत्येक मशीनच्या पहिल्या ओळीत. माझं अजून एकच, ओळीच्या शेवटी, prn-01 च्या मागं. आणि ते कागद खातं.